चौथ्या पानावरची सही

बाईंच्या मेंदूचे फोटो जेवणाच्या टेबलावर पसरले होते आणि त्यांच्यावर चहाचे कप ठेवू नयेत एवढंही भान कुणाला नव्हतं. सुनेने दोनदा कप उचलून बाजूला सारले. दोन्ही वेळा ते फिरून तिथेच आले. शेवटी तिने नाद सोडला आणि फोटोच उचलून कपाटावर ठेवले.

रविवार होता, त्यामुळे खाली रंगखाना बंद होता. बाई जेवून आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. दार लोटलेलं होतं आणि बाहेरची तिन्ही मुलं हळू बोलायचं ठरवून हळूहळू आवाज चढवत होती. बाईंना सगळं गाव बाई म्हणे. सुताच्या लडीला हवा तो रंग नजरेने जुळवून देणारी बाई म्हणून त्यांचं नाव होतं, आणि त्या नावावर हे घर, हे टेबल आणि टेबलाभोवतीची तिघांची शिक्षणं उभी राहिली होती.

ताईने कागद पुढे ओढले. ती बाईंची सगळ्यात मोठी मुलगी. तिचं स्वतःचं औषधांचं दुकान होतं, त्यामुळे घरात कुणाला शिंक आली तरी शेवटचा शब्द तिचा.

"शेवटचं सांगते, मग डोकं खाऊ नका," ती म्हणाली. "दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून औषध जाणार. मेंदूत जो गाळ साचतो तो ते काढतं. विसरण्याचा आजार बरा होत नाही. गेलेलं परत येत नाही. फक्त घसरण सावकाश होते. दीड वर्षात जेवढं जायचं, त्यातला चौथ्या हिश्श्याहून थोडा जास्त वाचतो."

"म्हणजे पाचसहा महिने," धाकटा म्हणाला. तो पुलांची गणितं करायचा आणि घरातही त्याच आवाजात बोलायचा. "पाचसहा महिन्यांसाठी दीड वर्ष सुया आणि मेंदूचे फोटो."

"आईचे पाचसहा महिने. तुझ्या पुलाचे नाहीत."

"आणि सूज? रक्तस्राव?"

"शंभरात बारातेरा जणांना सूज येते. बहुतेकांना कळतही नाही. फोटोत दिसते, औषध थांबवलं की उतरते."

"ते सगळ्या जगाचं झालं. आईच्या रक्ताचा अहवाल आलाय ना? तो वाच की मोठ्याने."

ताईने कागदाला हात लावला नाही. मग थोरल्याने, म्हणजे सुनेच्या नवऱ्याने, तो कागद काढला. रंगखान्याच्या ऑर्डरी तो बघायचा आणि वाईट बातमी सपाट आवाजात वाचायची त्याला सवय होती.

"आईमध्ये या आजाराचा जनुकातला दोष दोन्ही बाजूंनी आलाय. तिच्या आईकडूनही आणि वडिलांकडूनही. अशा माणसांत सूज येण्याचं प्रमाण तिघांत एक. क्वचित मोठा रक्तस्रावही होऊ शकतो."

"आणि पुढचं वाच ना," धाकटा म्हणाला. "दोन्ही बाजूंनी असेल तर प्रत्येक मुलात एक तरी येणारच. तुझ्यात, ताईत, माझ्यात. मला हे जाणून घ्यायचं नव्हतं. मी विचारलं नव्हतं. ताईने पाकीट फोडलं आणि फोनवर सगळं वाचून दाखवलं, जसं काही निकाल लागलाय शाळेचा!"

"आईसाठी फोडलं."

"आईसाठी! तुझं सगळं आईसाठीच असतं. वर्षातून दोनदा येतेस तेही आईसाठीच."

सून मधल्या खुर्चीवर बसून चिठ्ठ्या जमवल्यासारखी कागदांचे कोपरे सारखे करत होती. तेवीस वर्षं झाली होती तिला या घरात, पण अशा बैठकीत तिला बसायला सांगितलं ते आज पहिल्यांदा. त्यालाही कारण होतं. ते कारण चौथ्या पानावर होतं.

"भांडू नका," थोरला म्हणाला. "डॉक्टर काय म्हणाले ते महत्त्वाचं. स्मरणशक्तीच्या तोंडी परीक्षेत तीसपैकी बावीसच्या खाली गेलं तर हे औषध देत नाहीत, उपयोग कमी आणि धोका तेवढाच म्हणून. आईला बरोबर बावीस पडले. डॉक्टर का कू करत होते. मग मी सांगितलं की आई अजून रोज खाली येऊन शेड जुळवते. तेव्हा ते म्हणाले, जी बाई आजही नजरेने रंग जुळवते, तिचा आजार सुरुवातीचाच. येऊ द्या गुरुवारी."

"बघ!" ताई धाकट्याला म्हणाली. "म्हणजे काठावरून का होईना, आई आत आहे. वहिनी, हे औषधाच्या अर्जाचं चौथं पान. रुग्णासोबत दिवसभर असणाऱ्या माणसाने सही करायची. भरून ठेवलंय, तू फक्त इथे कर."

सुनेने पान हातात घेतलं. नवऱ्याचं गोल गोल अक्षर होतं. *व्यवसायातील काम पूर्वीसारखेच. मदतीशिवाय.* पुढे बरोबरची खूण.

तिने ती ओळ दोनदा वाचली.

दोन वर्षांपूर्वी, अशाच एका सुट्टीच्या दिवशी, बाईंनी तिला नमुन्याच्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं होतं. त्याआधी एकवीस वर्षं बाईंनी तिला रंगाच्या बाटल्यांना हात लावू दिला नव्हता. बाटल्या धुवायच्या, लड्या वाळत घालायच्या, इतकंच तिचं राज्य. त्या दिवशी बाईंनी कृतीची वही तिच्यापुढे टाकली आणि म्हणाल्या, "मला यातलं काही उमगत नाही गं आता. निळा किती, पिवळा किती, हातात धरते आणि उडून जातं. मुलांना कळलं तर मला खुर्चीत बसवून ठेवतील. तू शिक. कर तू, पास मी करीन. पण तुला माझ्या गळ्याची शपथ आहे." आणि त्या शिकवायला लागल्या. जेवढं उरलं होतं तेवढं, घाईघाईने, जळत्या घरातून सामान बाहेर काढावं तसं. पिवळा कधी दगा देतो, तांबडा थेंबाने कसा मोजायचा, नमुना ट्यूबच्या उजेडात कधीच पाहायचा नाही, खिडकीशी न्यायचा. सून शिकली. गेलं दीड वर्ष रंगखान्यातून बाहेर पडलेली एकूण एक शेड तिने जुळवलेली होती. नमुन्याच्या कार्डावर बाई आपली सही करत आणि आता त्यांना खरंच वाटे की शेडही आपणच केली. शपथ त्या केव्हाच विसरून गेल्या होत्या.

"कर ना," ताई म्हणाली. "पेन देऊ?"

"हे खरं नाहीये," सून म्हणाली.

"काय खरं नाही?"

"शेड बाई नाही करत. मी करते. दीडदोन वर्षं झाली."

मग धाकटा खुर्चीत पुढे सरकला. त्याचा चेहराच उजळला. "म्हणजे पुढची पायरी आहे ही. म्हणजे औषध बसतच नाही! ताई, ऐकतेस ना? वहिनी, तू हे आधी का नाही बोललीस?"

"थांब," ताई म्हणाली. तिने सुनेकडे असं पाहिलं की बनावट प्रिस्क्रिप्शन आणलेल्या गिऱ्हाइकाकडेही ती इतकं रोखून पाहत नसेल. "तू शेड करतेस? तुला आईने बाटलीला हात लावू दिला नाही कधी, सगळ्या घराला माहीत आहे ते. आणि आज, नेमकं आज, तू म्हणतेस की रंगखाना तूच चालवतेस?"

"चालवते असं नाही म्हटलं. शेड करते म्हटलं."

"त्यात काही फरक आहे का? आई उद्या खुर्चीत बसली की खालचं सगळं कुणाच्या हातात जाणार? मला सरळ बोलायची सवय आहे, राग मानू नकोस. तुला घाई झालीये का?"

हे इतकं झोंबलं की सुनेच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो चष्मा पुसत होता. चष्मा स्वच्छच होता.

"ताई, तुम्ही मला वाट्टेल ते बोला," ती म्हणाली. "पण एकदा ऐकून घ्या. बाई या सुया कशासाठी टोचून घेणार आहेत? विचारा त्यांना. शेड करता यावी म्हणून. आणि तेच तर गेलंय. तुम्हीच म्हणालात की गेलेलं परत येत नाही. मग जे उरलेलंच नाही ते वाचवायला त्यांच्या डोक्यात रक्तस्रावाचा धोका घालायचा? त्यांना मी रोज न्हाऊ घालते. त्या कधी हसतात, कधी मला मोलकरीण समजतात, पण दुखत नाहीये त्यांना काही. ते तरी राहू द्या."

"त्या उरलेल्यासाठीच औषध आहे," ताई म्हणाली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज कापला. "ती मला अजून ओळखते, वहिनी. मागच्या खेपेला दारात बघून म्हणाली, बारीक झालीस. तेवढं मला आणखी सहा महिने हवंय. हे मागणं फार आहे का?"

मागणं फार नव्हतंच.

इतक्यात आतलं दार उघडलं. बाई उभ्या होत्या, केस नीट विंचरलेले, पदर सारखा केलेला. "कोण भांडतंय? पोरं कधी आली?" सकाळीच त्यांनी तिघांना बसवून नाश्ता खायला लावला होता.

ताईने उठून त्यांना हात धरून बसवलं. "आई, त्या औषधाचं बोलतोय. त्यात धोका आहे. डोक्यात सूज येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. तुला घ्यायचंय का? तू सांग."

"घेणार," बाई म्हणाल्या. "डॉक्टर बरा माणूस आहे. घेणार. शेड मी नाही केली तर कोण करणार? तुम्हाला कुणाला येतं का काही? मी तुमच्या हाताला रंग लागू दिला नाही कधी."

"वहिनी म्हणते ती करते."

"ही?" बाई खळखळून हसल्या. त्या हसण्यात लबाडी नव्हती, हेच सुनेला सहन झालं नाही. "ही बाटल्या धुते."

"संपलं," ताई म्हणाली.

"नाही संपलं," धाकटा म्हणाला. "करून बघू की. एक शेड करू दे आईला, आपल्यासमोर. एक तास लागतो, लहानपणी बघितलंय सगळ्यांनी. उद्या हौदात कुठली जायचीये, दादा?"

"राखाडी," थोरला चष्म्याआडून म्हणाला. "गालिचेवाल्याची. चारशे किलो सूत आहे."

सगळे खाली उतरले. नमुन्याच्या खोलीत मेजावर गालिचेवाल्याचा मूळ तुकडा टाचणीने लावलेला होता. पारव्याच्या पाठीसारखा राखाडी, निळ्याकडे झुकलेला. बाई मेजापाशी गेल्या आणि सून पुढे सरकून बघू लागली, कारण त्यांचे हात काही विसरले नव्हते. पेला उचलायची ढब तीच, नळी बोटाने बंद करून थेंब सोडायची ढब तीच. निळा घातला. तांबडा घातला. पिवळा घातला. बाटली जागेवर ठेवली, सुताची छोटी लडी ओली केली, आणि मग परत पिवळ्याची बाटली उचलली आणि पहिल्यांदाच घालत असल्यासारखा तेवढाच पिवळा पुन्हा घातला.

सुनेने पाहिलं. धाकटा मोबाइल बघत होता. ताई आईच्या चेहऱ्याकडे बघत होती, हातांकडे नाही.

मीठ पडलं, सोडा पडला, पेला गरम पाण्यात बसला. तासाभराने बाईंनी लडी काढली, धुतली, पिळली, इस्त्रीखाली सुकवली आणि मूळ तुकड्याशेजारी ठेवली.

"झाली," त्या म्हणाल्या. "पास."

तिन्ही मुलं वाकली.

"सारखीच आहे!" ताई म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "अगदी सारखी आहे."

"मला तर फरक दिसत नाही," धाकटा म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "वहिनी, मी तुझ्या बाजूने होतो, पण हे..."

"खिडकीशी घ्या," सून म्हणाली. "हिरवट मारतेय. पिवळा दोनदा पडलाय."

खिडकीशी नेऊन त्यांनी दोन्ही तुकडे उलटेपालटे केले. दुपारच्या चांगल्या उजेडात हिरवट झाक सुनेच्या डोळ्यांत अक्षरशः खुपत होती. तिघांना काही दिसत नव्हतं. त्यांना कुणी बघायला शिकवलंच नव्हतं. शाळा शिकवली, परगावी पाठवलं, पण राखाडीत हिरवा कुठे लपतो हे शिकवलं ते फक्त तिला. ज्यांनी शिकवलं त्या बाई तुकड्याकडे बघून समाधानाने मान डोलावत होत्या.

"तुझ्या एकटीलाच दिसतंय," ताई म्हणाली. डोळे पुसून तिने सोबत आणलेलं चौथं पान मेजावर ठेवलं आणि खणातून पेन काढलं. "आता पुरे झालं. सही कर. नाहीतर थोरला करेल, तोही इथेच राहतो. आईच्या जिवाशी खेळ तुला करू देणार नाही मी."

"हिला काय कळतंय," बाई म्हणाल्या. "तुम्ही तिला बोलू नका. गरीब आहे."

सुनेने पेन घेतलं नाही. अपमान गिळायची तिला सवय होती, पण बाईंची ती दया तिला गिळता येईना. तिने लडी उचलली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "बाईंनी शेड केली. ताईंनी पास केली, भाऊजींनी पास केली. मग माझं काही म्हणणं नाही. उद्या सकाळी हीच हौदात घाला. चारशे किलो. पिवळा, तांबडा, निळा, आत्ता पडले तसेच मोजून. मी बाटल्या धुईन."

"घालेलच तो," ताई म्हणाली. "घाल रे."

थोरला लडी हातात धरून उभा राहिला. तो लडीकडे पाहत नव्हता, कारण पाहून त्याला काही कळणार नव्हतं हे त्याला ठाऊक होतं. तो बायकोकडे पाहत होता. बाईंनी गुणगुणायला सुरुवात केली.

"नको," तो म्हणाला.

"काय नको?"

"ही नको घालायला."

"का? सारखी नाहीये?"

"मला काय दिसतंय त्यातलं, ताई! पण ही म्हणते ना हिरवट, म्हणजे हिरवट असणार." त्याने लडी मेजावर ठेवली. "वर्ष झालं मला माहीत आहे. कार्डावर आईची सही असते आणि मागे हिच्या हाताचे डाग. एकही शेड परत आलेली नाही. मी गप्प बसलो."

"आणि चौथ्या पानावर लिहिलंस ते?"

"तू म्हणाली असतीस मी आईला औषध मिळू दिलं नाही."

धाकट्याने मोबाइल खिशात घातला. ताई खालीच बसली, सुताच्या पोत्यावर. तिने चौथं पान उचलून पुन्हा वाचलं, आणि मग त्याचे दोन तुकडे केले, सावकाश, जराही आवाज न करता. सुनेला वाटलं, आता ती आपल्याला काहीतरी बरं बोलेल. निदान चुकलं म्हणेल.

ताईने मान वर केली. "हे औषध येऊन दीड वर्ष झालं," ती म्हणाली. "आलं त्याच आठवड्यात मी फोन केला होता. आई कशी आहे, विसरते का काही, असं विचारलं होतं तुला. तू काय म्हणालीस?"

सुनेच्या लक्षात होतं. "झकास आहेत, म्हणाले."

"तेव्हा आई बसली असती यात. काठावरून नाही, चांगली आत. तेव्हा तिला परीक्षेत सत्तावीस-अठ्ठावीस पडले असते."

"तेव्हाही रक्त हेच होतं, ताई," धाकटा म्हणाला. "धोका तेवढाच होता."

"असेल. पण तेव्हा तो घ्यायचा की नाही ते तिने स्वतःच्या डोक्याने ठरवलं असतं. आता ती म्हणते घेणार, आणि कशाला घेणार तेच तिला माहीत नाही." तिने फाटलेले तुकडे मुठीत धरले. "ते ठरवणं तू काढून घेतलंस तिच्याकडून, वहिनी. तुम्ही दोघांनी."

"त्यांनी शपथ घातली होती मला," सून म्हणाली. "गळ्याची."

"आई, तू घातलीस शपथ हिला?"

बाईंनी गुणगुणणं थांबवलं. त्यांनी सुनेकडे निरखून पाहिलं. "कसली शपथ?" त्या म्हणाल्या. "मी कशाला हिला शपथ घालू?"

सुनेने पुढे वाद घातला नाही. शपथ खरी होती, पण शपथ नसती तरी ती गप्पच बसली असती. त्या बंद खोलीत बाई तिच्या खांद्याला खांदा लावून बसत, तिचा हात हातात धरून थेंब मोजायला शिकवत, आणि चुकलं की डोक्यात टपली मारत. एकवीस वर्षं ज्या खोलीच्या दारात ती उभी राहिली होती, तिथे तिला आत घेतलं होतं ते या आजाराने. तो बरा व्हावा, निदान थांबावा, असं त्या दिवसांत तिला एकदाही वाटलं नव्हतं, आणि हे मात्र तिला कुणालाच सांगता येणार नव्हतं.